शाळेला दिलेले दान : धुळपाटीपासून दोरीपर्यंत

आपल्या मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला की बैठकीत एक विषय हमखास निघतो. ह्या वर्षी शाळेला काय द्यायचे? कोणी म्हणते दप्तरे द्यावीत, कोणी भिंतीवरचे मोठे घड्याळ सुचविते, कोणी वह्या. देण्याची इच्छा सर्वांच्याच मनात असते, आणि ती मोलाची गोष्ट आहे. पण काय द्यावे आणि कसे द्यावे, हा प्रश्न काही आपल्यालाच पहिल्याने पडलेला नाही. आपल्या आधी मावळातल्या आणि महाराष्ट्रातल्या पुष्कळ माणसांनी शाळांना दिले आहे. कोणाचे दान मुलांच्या अंगी लागले, तर कोणाचे कपाटात पडून राहिले. ती हकिकत एकदा नजरेखालून घातली तर आपल्यालाही वाट दिसेल, म्हणून हा लेख. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाचनाची आवड मात्र संसारातही सुटली नाही. तेव्हा भगिनींनी हे चार शब्द गोड मानून घ्यावेत.

पूर्वी गावोगाव पंतोजींच्या शाळा असत. शाळा म्हणजे देवळाची ओवरी, नाही तर एखाद्या वाड्याची पडवी. पंतोजींना मुलांच्या घरून धान्य मिळे, सणावाराला शिधा मिळे. लिहायला धुळपाटी. लाकडाच्या फळीवर बारीक धूळ पसरायची, तीवर बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवायचे, आणि चुकले की फळी हलवून पुन्हा कोरी करायची. हात बसल्यावर मग बोरू आणि कागद. ‘धुळाक्षरे’ हा शब्द आपण अजून वापरतो, तो तिथलाच. त्या शाळांत मुलींना जागा नव्हती, आणि अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्यांच्या मुलांना तर दारातही उभे राहता येत नसे, हे विसरून चालणार नाही. पण धुळपाटीत एक मोठा गुण होता. ती फुकटची होती, म्हणून चुकायला मूल भीत नसे. कागद महाग, त्यावर चूक झाली की मार. धुळीवर शंभरदा चुकावे, शंभरदा पुसावे. लहान मुलाचे शिक्षण असेच व्हावे लागते.

पुढे इंग्रजी अमलात छापील पुस्तके आली. १८२२ साली मुंबईत शाळा आणि शाळापुस्तके ह्यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. लोकांच्या वर्गण्या आणि सरकारची मदत ह्यांवर तिचे काम चाले. बापू छत्रे म्हणून ओळखले जाणारे सदाशिव काशिनाथ छत्रे ह्याच मंडळीत काम करीत. १८२८ साली त्यांचे ‘बाळमित्र’ निघाले. मुलांनी वाचावे म्हणून मराठीत मुद्दाम तयार केलेल्या पहिल्या पुस्तकांपैकी ते एक. म्हणजे मुलांच्या हाती पुस्तक पडावे म्हणून वर्गणी काढण्याची रीत आपल्याकडे दोनशे वर्षांची जुनी आहे.

१८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी मुलींची शाळा काढली. तिला जागा कोणी दिली? बुधवार पेठेतला आपला वाडा तात्यासाहेब भिडे ह्यांनी दिला. त्या काळी मुलींच्या शाळेला जागा देणे म्हणजे लोकांचा रोष ओढवून घेणे होते. आज आपण भिडेवाड्याचे नाव आदराने घेतो. सावित्रीबाईंनी सोसलेल्या शेणामातीची कथा घरोघरी माहीत आहे. पण ज्याने दार उघडे ठेवले त्याचेही ऋण मानले पाहिजे. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी मागणी केली, की निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, आणि मागे राहिलेल्या वर्गांतील मुलांना शिष्यवृत्त्या व बक्षिसे देऊन शाळेकडे ओढून घ्यावे. मूल शाळेत नुसते घालून भागत नाही, ते शाळेत टिकावे म्हणून त्याच्या हाती काहीतरी द्यावे लागते, हे त्यांनी त्या वेळीच ओळखले होते.

आता आपल्या मावळाकडे येऊ. १८५८ साली पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी आली आणि १८६३ साली बोरघाट उतरून ती मुंबईच्या बाजूला जोडली गेली. लोणावळे, वडगाव, तळेगाव ही गावे रुळाकाठी आली. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ह्यांतल्या वाड्यावस्त्यांना मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे पायवाटच होती. रुळाकाठच्या ह्याच तळेगाव दाभाड्याला विसाव्या शतकाच्या आरंभी दोन कामे उभी राहिली, आणि दोन्ही लोकांच्या दानावर.

पहिले काम पैसा फंडाचे. अंताजी दामोदर काळे ह्यांची कल्पना अशी, की माणशी वर्षाला फक्त एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग काढावेत. त्या वेळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. लोकमान्य टिळकांनी ही कल्पना उचलून धरली. पैशापैशाने निधी जमला, आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. परदेशात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय ह्यांनी तो चालविला. तिथे शिकलेले कारागीर पुढे ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत कामाला गेले. दुसरे काम समर्थ विद्यालयाचे. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर ह्यांनी राष्ट्रीय शिक्षणासाठी काढलेले हे विद्यालय कोल्हापुराकडून तळेगावी आले. मातृभाषेतून शिक्षण आणि त्याला हातच्या कामाची जोड, असा तिथला कटाक्ष होता. विजापूरकरांना लेखनाबद्दल तुरुंगात जावे लागले, आणि १९१० साली सरकारने विद्यालय बंद केले. पण बी मेले नाही. विजापूरकरांची परंपरा सांगणाऱ्या शाळा तळेगावात पुढे पुन्हा उभ्या राहिल्या.

पैसा फंडापासून मी एक गोष्ट घेते. दान मोठे असलेच पाहिजे असे नाही. ते चालू राहिले पाहिजे. वर्षाला एक पैसा, पण दर वर्षी. एकदाच शंभर रुपये देऊन मोकळे होणाऱ्यापेक्षा दर वर्षी आठवण ठेवणारा शाळेच्या अधिक उपयोगी पडतो. खडू काय, पेन्सिल काय, ह्या वस्तू संपणाऱ्या. त्या पुन्हा पुन्हाच द्याव्या लागतात.

ह्याच मार्गाने महर्षी धोंडो केशव कर्वे गेले. स्त्रीशिक्षणाचे त्यांचे कार्य आपण सर्वजणी जाणतो. पण १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी एक मंडळ काढले, ते फारसे कोणाला ठाऊक नसते. ज्या लहान गावांना लोकल बोर्डाची शाळा नाही तिथे शाळा काढायची, असा त्यामागचा हेतू. त्यासाठी ते त्या वयात लहानसहान देणग्या गोळा करीत हिंडले. तिकडे साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. घराघरांतून रोज मूठभर धान्य बाजूला काढण्याची मुष्टिफंडाची रीतही त्याच कार्यातली. ती मूठ बाईच्याच हातची, हे सांगायला नको. शाळेचा इतिहास लिहिताना पुढाऱ्यांची नावे येतात. स्वयंपाकघरातल्या डब्यातून निघालेल्या त्या मुठीचे नाव कुठे येत नाही.

हळूहळू शिक्षण ही सरकारची जबाबदारी ठरत गेली. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९०६ साली, आणि कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचे हुकूम काढले. शाहू महाराजांनी तर मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकांना महिना एक रुपया दंड ठेवला होता. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९११ साली हिंदुस्थान सरकारच्या कायदेमंडळापुढे आणलेले विधेयक नामंजूर झाले. पण मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने १९१८ साली कायदा झाला, आणि पुढे १९२३ व १९४७ साली आणखी कायदे झाले. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यांतल्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९६७ साली ‘बालभारती’ स्थापन झाली आणि पाठ्यपुस्तकांना एक सारखेपणा आला. शाळा आली, मास्तर आले, पुस्तक आले. राहिले काय? हाताळायच्या वस्तू, आणि खेळ.

तेवढ्यासाठी आपल्याला जरा दूर, समुद्राकाठी जायला हवे. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तिथे मिळाल्या. १९५७ साली दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या आणि वारली मुलांत काम करू लागल्या. मॅडम माँटेसरींची बालशिक्षणाची साधने प्रसिद्ध होती, पण ती महाग. खेड्यातल्या बालवाडीला कोठून परवडणार? तेव्हा ह्या दोघींनी भोवतालच्या वस्तूच साधने केल्या. शिंपले, बिया, खडे, पाने, फुले, काड्या, माती. लहानमोठे लावायला शिंपले, मोजायला बिया, रंग ओळखायला फुले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. ह्या कोसबाडच्या शाळेतली एकही वस्तू अशी नव्हती, की ती फुटली तर कोणाला रडू यावे. बी हरवली तर दुसरी उचलावी. म्हणूनच ती मुलांच्या हातात दिवसभर राहू शकली.

ह्याच्या उलट काय होते तेही मी पाहिले आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर सरकारने १९८७ पासून खडू-फळा योजना सुरू केली. हेतू अतिशय चांगला होता. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक, त्यांत शक्यतो एक बाई, आणि शिकविण्याचे आवश्यक साहित्य. त्यात नकाशे, तक्ते, पृथ्वीचा गोल, खेळणी, चेंडू, उड्यांच्या दोऱ्या, वाद्ये असे पुष्कळ होते. मी त्या वेळी मावळातल्याच एका वाडीच्या शाळेत शिकत होते. एक दिवस आमच्याही शाळेत साहित्य आले. गुरुजींनी वस्तू मोजून घेतल्या, डेडस्टॉकच्या वहीत उतरविल्या, आणि पेटीला कुलूप घातले. साहेब तपासणीला येत तेव्हा पेटी उघडे. पृथ्वीचा गोल आम्ही लांबूनच पाहिला.

गुरुजींना दोष द्यावा असे मला वाटत नाही. वहीत लिहिलेली वस्तू फुटली, हरवली, तर भरून कोणी द्यायची? पगारातून कापून घेतील की काय, ही धास्ती. शिवाय एकट्याने चार वर्ग सांभाळायचे. कुलूप हाच त्यांना सोपा उपाय वाटला. आणि असे पुष्कळ शाळांतून झाले. योजनेतले साहित्य कपाटांत तसेच पडून राहिले, अशी तक्रार त्या काळी सर्वत्र होती. आमच्याकडे दोन वर्षांनी बाई बदलून आल्या. त्यांनी पेटी उघडली आणि म्हणाल्या, “तुटले तर तुटले असे मी लिहीन.” त्या दिवसापासून दोरीवरच्या उड्यांत आपली पाळी चुकू नये म्हणून मी घरची भांडी लवकर उरकून शाळेत पळत असे. वर्षअखेर दोऱ्या तुटल्या, चेंडू फाटला, गोलावरचा रंग गेला. पण हिंदुस्थान कोठे आणि जपान कोठे, हे आम्हांला बोट ठेवून सांगता येऊ लागले होते.

खेळाचा विषय निघाला म्हणून लोणावळ्याची एक आठवण सांगितली पाहिजे. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले. योगाची शास्त्रीय तपासणी करणारी संस्था म्हणून तिचे नाव देशोदेशी गेले. स्वामीजींनी मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या समित्यांवरही काम केले, आणि शाळेतल्या मुलांना एकत्र करता येतील असे योगाचे सोपे व्यायाम बसविले. त्यांना यंत्रे लागत नाहीत, मोठे मैदान लागत नाही. एक सतरंजी असली की झाले. आपल्या भागात ह्याचे महत्त्व फार. लोणावळ्याला वर्षाला ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तळेगावाकडे त्यामानाने कमी, पण घाटाच्या कडेला आणि पवन मावळात जून ते सप्टेंबर मैदान म्हणजे चिखल. चार महिने मुलांनी बाकावर बसूनच काढावेत काय? शरीराने न हललेले मूल धड्यातही हलत नाही, हे घरी नातवंडे-पुतवंडे सांभाळणाऱ्या कोणाही बाईला ठाऊक आहे. पळून, उड्या मारून आलेले मूल कसे निवांत बसते! म्हणून मावळातल्या शाळेला पडवीत खेळता येईल असे साहित्य हवे. दोऱ्या, रिंगा, सतरंज्या, मऊ चेंडू. आणि आपले सागरगोटे, चिंचोके, फुगडी, झिम्मा ह्यांना तर काहीच खर्च नाही. पाच सागरगोटे उडवून झेलताना मुलगी नजर, हात आणि मोजणी तिन्ही एकदम शिकते. दहा काड्यांची जुडी बांधली की दशक आणि सुटी काडी म्हणजे एकक, हे तिला फळ्यावर दहादा सांगण्यापेक्षा एकदा जुडी सोडून दाखविले की कळते.

हल्लीच्या काळात काय आहे? २००९ सालचा शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात शिकविण्याचे साहित्य, ग्रंथालय आणि खेळाचे साहित्य प्रत्येक शाळेत असावे असे लिहिलेले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असेही आहे. म्हणजे आपल्यापैकी कित्येकजणी, किंवा आपल्या सुना-लेकी, त्या समितीत बसतात वा बसू शकतात. गरीब मुलांना वह्यांचा खर्च झेपत नाही म्हणून २०२३ साली शासनाने पाठ्यपुस्तकांतच कोरी पाने घातली होती. पण मुले त्या पानांचा हवा तसा उपयोग करीत नाहीत आणि वह्या वेगळ्या आणाव्याच लागतात, असे दिसून आल्यावर २०२५ साली तो निर्णय मागे घेण्यात आला. वहीचा खर्च पुन्हा घरावर आला. २०२३ सालीच दत्तक शाळा योजना निघाली. तीत देणगीदाराने रोख रक्कम न देता वस्तू किंवा सेवा द्यावयाची असे ठरले. आपल्याकडे तळेगाव, वडगावच्या बाजूला कारखाने पुष्कळ; वाहनातून सामान येते, नारळ फुटतो, फोटो निघतो. त्यांच्या देण्याला मी नावे ठेवीत नाही. पण सामान उतरल्यावर काय होते, ते पाहायला गावातलेच कोणी लागते.

मद्रास राज्यात १९५८ पासून, कामराज मुख्यमंत्री असताना, शाळा सुधारणा परिषदा भरत. आधी शाळेला काय काय लागते ह्याची यादी व्हायची, मग गावकरी त्या यादीतले एकेक आपल्या अंगावर घ्यायचे. कोणी बाक, कोणी फळा, कोणी पाण्याचे पिंप. यादी आधी, दान मागून. आपण बहुधा उलटे करतो. आधी वस्तू आणतो आणि मग ती कोणाला द्यावी ते पाहतो.

तेव्हा भगिनींनो, मला जे सुचते ते असे. ह्या वर्षी खरेदीच्या आधी आपल्यापैकी दोघीतिघींनी शाळेत जाऊन बाईंना विचारावे, की कोणती वस्तू मध्येच संपते आणि तुमच्या पदरच्या पैशांनी आणावी लागते. जे उत्तर मिळेल ते द्यावे, मग ते खडूचे खोके का असेना. दुसरे, पाट्या नि पेन्सिली अवश्य द्याव्यात. पावसात कागद भिजतो, पाटी भिजत नाही. आणि धुळपाटीप्रमाणे तीवर चुकण्याची भीती नसते. तिसरे, खेळाच्या वस्तू देताना सोबत मंडळाच्या सहीचे पत्र द्यावे, की ह्या वस्तू वापरून संपाव्यात म्हणूनच दिल्या आहेत. फुटल्या, तुटल्या तर मंडळाची काही तक्रार नाही. हे पत्र शिक्षकांना फार धीर देईल. कुलूप निघेल ते त्या पत्रानेच. चौथे, वर्धापनदिनी सर्व एकदम न देता थोडे दिवाळीनंतरच्या सत्रासाठी राखावे. जूनमधला खडू तोवर कोठला उरायला? आणि चिंचोके, सागरगोटे, रंगीत बांगड्यांच्या रिंगा, कापडी चेंडू हे तर आपण घरीच गोळा करून, शिवून देऊ शकतो. आपल्या हातांना ते काम नवे नाही.

शाळेला दिलेली वस्तू वर्षभराने जशीच्या तशी दिसली तर आपण आनंद मानू नये. ती कोणाच्या हाती गेलीच नाही, असा त्याचा अर्थ. पाटीची कड झिजलेली, पेन्सिलीचा बोटभर तुकडा उरलेला, दोरीला चार गाठी पडलेल्या, असे पाहायला मिळाले म्हणजे आपले दान पावले. पुढच्या वर्षी ते पुन्हा द्यावे लागेल. ते देण्याइतके बळ मंडळाच्या हातांना ईश्वर देवो, आणि आपल्या मावळच्या लेकरांची शाळा भर पावसातही हसतखेळत भरो, हीच ह्या शुभदिनी प्रार्थना.